धाकलूचा वकील

बायको, भागीरथी, गेल्याचं भीमरावांना अंबरनाथला, कारखान्याच्या गेटवर कळलं. वॉचमन म्हणाला, टेम्पोनं उडवलं, लगेच निघा. डबा राहू द्या, मी ठेवतो.

त्याला दीड वर्ष झालं. टेम्पोचा ड्रायव्हर धाकलू, चामटोलीचा, जामिनावर होता. दर तारखेला मॅजिस्ट्रेट त्याला वकील आणायला सांगत आणि पुढची तारीख देत. भागीरथी वस्तीच्या महिला मंडळाची अध्यक्ष. तिला मारणाऱ्याचं वकीलपत्र कुणी घेईना. कोर्टानं दोघं नेमून दिले, दोघंही आजारी पडले.

शेवटी भीमराव स्वतःच चिंतामणी वकिलांकडे आले. चिंतामणी वस्तीतलाच. सनद मिळाली तेव्हा मंडळातर्फे त्याला पहिला हार भागीरथीनं घातला होता.

भीमराव कशासाठी आले ते ऐकून चिंतामणीनं पेन खाली ठेवलं.

"काका, काकूंना खांदा दिलाय मी. आता त्याच्या बाजूनं उभा राहू? वस्तीतले विहारात पाय ठेवू देतील का मला?"

"मी पाठवलं म्हणून सांग."

"मग म्हणतील, भीमरावांना टेम्पोच्या मालकानं विकत घेतलं. तुमच्या बाजूनं उभं राहायला सांगा. फी नको मला."

"माझ्या बाजूला सरकारी वकील आहे की."



भीमरावांनी सावकाश सांगितलं. ब्रेक लागत नाही, हे धाकलूनं आदल्या दिवशी मालकाला सांगितलं होतं. मालक म्हणाला, हळू चालव. धाकलू हे कोर्टाच्या बाकावर त्यांना तीनदा बोलला होता. पण बाकावरचं बोलणं कोण लिहून घेतं? ते मॅजिस्ट्रेटसमोर यायला हवं. भागीरथी नुसती गाडीखाली आली, एवढंच लिहिलेलं त्यांना नको होतं.

"दुसरं कुणी बघा, काका," चिंतामणी म्हणाला. "चहा घेऊन जा."

भीमरावांनी चहा घेतला नाही. मांडीवरचा वकीलपत्राचा कागद घडी करून खिशात ठेवला.

धाकलू बाहेर पायरीवर बसला होता. चपला काढून, बाजूला ठेवून.

"नाय म्हनला ना, दादा?"

"नाही म्हणाला."

"मंग कबूल करून टाकू का? तुमच्या खेपा तरी वाचतील."

"नको," भीमराव म्हणाले आणि त्याच्याशेजारी टेकले.

वकीलपत्रावर धाकलूचा अंगठा तेवढा होता. वकिलाची सही व्हायची होती. ब्रेकचं कोर्टात अजून कुणी विचारलेलं नव्हतं.