खुर्ची रिकामी दिसू नये

जीप धुरळा उडवत निघून गेली आणि मीनाच्या लक्षात आलं, की चौकात चिटपाखरू नाही. दिवेलागणीची वेळ, एरवी पार माणसांनी भरलेला असायचा. टपरीवर एकटा देवानंद होता, तोही स्टोव्ह विझवून निघायच्या घाईत. तिनं घनसावंगीहून दोनदा घरी फोन लावला होता. कुणी उचलला नव्हता.

"गाव कुठं गेलं सगळं?" तिनं विचारलं. धुळीसाठी बांधलेला स्कार्फ तोंडावर तसाच होता. देवानंदनं ओळखलं नाही.

"बद्रीनाथभाऊकडं. त्यांची पोरगी टीव्हीवर हाय ना आज! सिनेमा-शिरेलवाल्यांच्या बक्षिसाचा कार्यक्रम, मुंबईहून थेट. तुमाला कोनाकडं जायचंय?"

"त्यांच्याकडंच."

"मंग चला जल्दी. जागा भेटायची न्हाई."

तो लगबगीनं पुढं गेला. मीना बॅग सावरत मागून चालू लागली. म्हणे थेट! तो सोहळा होऊन महिना उलटला होता. असले कार्यक्रम आधी करून ठेवतात, कापून-जोडून सावकाश दाखवतात. पण गावाला हे सांगणार कोण? ते आज दाखवणार आहेत, हे तर खुद्द तिलाही ठाऊक नव्हतं.

गेली सहा वर्षं ती त्या सोहळ्यात बसत आली होती. बसणं हेच तिचं काम. एखादी नटी बक्षीस घ्यायला वर गेली, एखादा नट कंटाळून आत गेला, तरी त्यांची खुर्ची कॅमेऱ्यात रिकामी दिसता कामा नये. म्हणून बरे कपडे घातलेली पोरंपोरी कडेला भिंतीला टेकून अंधारात उभी असतात. खूण झाली की वाकून पळत जायचं, बसायचं, हसायचं, टाळ्या पिटायच्या. खुर्चीचा मालक परतला की उठायचं आणि तसंच वाकून भिंतीशी यायचं. नटी व्हायला गेलेल्या मीनाच्या वाट्याला अभिनय आला तो एवढाच. साडीसुद्धा भाड्याची.

मुंबईला जाते म्हटल्यावर वडिलांनी, बद्रीनाथअण्णांनी, बोलणंच टाकलं होतं. पहिल्या वर्षी ती पडद्यावर दिसली आणि त्यांचा आपणहून फोन आला. "मीने, पयल्या रांगेत तू! केवढाल्या लोकात बसून राह्यली!" खरं सांगायला तिची जीभ उचलेना. पुढच्या वेळी सांगू, पुढच्या वेळी सांगू, असं करता करता गोष्ट गावभर झाली. मुंबईत तिला कुणी ओळखत नव्हतं आणि गाव जिला ओळखत होतं, ती मीना नव्हतीच. सणावारी खोलीत एकटीनं डाळभात खाताना तिला ते फार टोचायचं.

यंदा कार्यक्रम संपला आणि माणसं गोळा करणाऱ्यानं तिला बाजूला घेतलं. "जिथं बघावं तिथं तूच दिसतेस. लोक आता चेहरा ओळखायला लागलेत. पुढच्या वर्षीपासून येऊ नकोस." लोकांनी ओळखावं म्हणून घर सोडलं आणि ओळखलं म्हणून काम सुटलं, हसावं का रडावं, हेच तिला कळेना. तिनं खोली सोडली. अण्णांपुढं बसायचं, सगळं खरंखरं सांगायचं आणि आता इथंच राहू का म्हणून विचारायचं, एवढं ठरवून ती आली होती. ऐकल्यावर अण्णा घरात ठेवून घेतील का, हेच ती रस्ताभर स्वतःला विचारत आली होती.

अंगणात ही गर्दी! ओसरीवर टीव्ही मांडलेला, पुढं सतरंज्या, सतरंज्यांवर माणसाला माणूस चिकटलेला. दिवे मालवले होते. आई बायकांच्या घोळक्यात नवं लुगडं नेसून बसली होती. अण्णा सगळ्यांच्या पुढं खुर्चीवर. त्यांच्या शेजारी आणखी एक खुर्ची होती, तिच्यावर कोरा टॉवेल अंथरलेला. लोक खाली दाटीवाटीनं बसले होते आणि ती खुर्ची मात्र रिकामी होती.

रिकामी खुर्ची दिसली आणि मीनाचे पाय आपोआप चालू लागले. बॅग भिंतीशी ठेवून, कुणाच्या आड येऊ नये म्हणून वाकून, ती माणसांमधून वाट काढत गेली आणि अण्णांच्या शेजारी बसली. किती वर्षांनी ती त्यांच्या इतक्या जवळ होती. त्यांच्या सदऱ्याला तोच जुना तंबाखूचा वास होता. तिनं स्कार्फच्या गाठीला हात घातला.

तेवढ्यात अंगणात एकच गलका झाला. पडद्यावर, दुसऱ्या रांगेत, भाड्याच्या साडीतली मीना हसत टाळ्या वाजवत होती. अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. एवढं सुखानं भरलेलं त्यांचं तोंड तिनं आजवर पाहिलं नव्हतं. गाठीवरचा तिचा हात तिथंच राहिला.

शेजारी कुणीतरी बसल्याचं अण्णांना आता जाणवलं. पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "उठा हो बाई. दरसाल मी ही खुर्ची मोकळी ठेवतो. माझ्या मीनाची हाय ती."

मीना उठली, आणि वाकूनच मागं जाऊन अंधारात भिंतीशी उभी राहिली.