साडेपाच सेकंदांचा डिले

विमलताईंचं गाणं चंद्रावर पोहोचून, तिथे राहायला गेलेल्या श्रीरंगरावांचा तबला घरच्या होम थिएटरवर यायला अडीच सेकंद लागायचे. सम दरवेळी चुकायची.

"पंचवीस वर्षांची साथ संपली म्हणायची," ताई म्हणाल्या.

"आत्या, प्रकाशाचा वेग कोण वाढवणार? आपण उशीरच वाढवू," भाची ऋजुता म्हणाली.

"वेडी की काय गं!"

ताईंच्या लयीत तीनतालाचं आवर्तन आठ सेकंदांचं होतं. ऋजुतानं ॲम्प्लिफायरवर आणखी साडेपाच सेकंदांचा ऑडिओ डिले लावला. आता तबला बरोबर एक आवर्तन मागून येणार होता.

ताई गायल्या. पहिलं आवर्तन एकटीनं, आणि दुसऱ्याच्या समेवर तबला नेमका उतरला. ते आवर्तन संपता संपता स्पीकरवरून श्रीरंगराव म्हणाले, "वा ताई, काय तान घेतलीत!"

ती तान मागच्या आवर्तनातली होती. ताईंनी गाता गाताच मान लववली.