मोहाची पसंती

"संध्याकाळपर्यंत एकही झाड आलं नाही, तर कॉलेजची टेकडी खाणीला जाईल," वनखात्याच्या बोरकुटे साहेबांनी बजावलं. झाडं चालायला लागल्यापासून कायदाच तसा होता. झाड आपल्या पायांनी येऊन बसेल, तेच जंगल.

वनशास्त्र शिकवणाऱ्या शेवंता कुमरे मॅडम निवांत चहा पीत होत्या. बाकीची कॉलेजं खताच्या गोण्या दाखवून झाडं फितवायची. मॅडमनी मात्र नऊ वर्षं मुलांकडून उतारावर नुसते चर खणून घेतले, पाणी जिरवलं आणि पालापाचोळा कुजू दिला.

"मॅडम, येऊन राहिला!" त्यांची विद्यार्थिनी रोशनी ओरडली.

एक म्हातारा मोह मुळं उचलत, फांद्या सावरत, दम खात टेकडी चढत होता.

"अहो, हा तर माझ्या ऑफिसच्या दारातला!" साहेब किंचाळले.

"बुंध्यापर्यंत फरशी कोणी बसवली, साहेब?" मॅडमनी विचारलं.

मोहानं चराजवळची माती मुळांनी चाचपली आणि ऐसपैस बसकण मारली. साहेबांनी कागदावर 'जंगल' लिहिलं आणि ते मोहाकडे निघाले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या, "आधी बूट काढा. नऊ वर्षांची माती आहे."