धावदोरा

पिक्चरच्या प्रीमियरला वर्गातल्या सगळ्या मुली जादूगारणीचा काळा झगा घालून जाणार होत्या. लेक हटून बसली, तेव्हा नवऱ्यानेच तोडगा काढला. “नवं कापड कशाला? तुझा कोर्टातला गाऊन कपाटात नुसता लटकतोय.”

लेक शाळेत जायला लागेपर्यंतच म्हणून तिने वकिली बाजूला ठेवली होती. लेक आता चौथीत होती.

तिने गाऊन कपाटातून काढला. गाऊनला कात्री मात्र लावली नाही. बाह्या आत घेतल्या, लांबी दुमडून नुसता धावदोरा घातला, गळ्याशी चंदेरी लेस टाचली. सगळं अलगद उसवता येईल असं.

थिएटरच्या पायऱ्यांवर दुमड सुटली आणि लेक अडखळली. लेकीला सावरून ती पर्समध्ये सुई शोधत होती, तोवर नवऱ्याने पॉपकॉर्नच्या काउंटरवरून कात्री आणून लोंबणारं कापड कापूनही टाकलं.

“बघ, कसा मापात बसला. आधीच कापायचास ना, दुमडत काय बसलीस?”

“नंतर उसवायचा होता.”

“कशासाठी?” त्याने विचारलं, आणि कात्री हातात धरून उत्तरासाठी थांबला. त्याला खरंच कळलं नव्हतं.