चोवीस जास्तीच्या पट्ट्या

झाकण निघालं तेव्हा टाकीतलं मेण पूर्ण वितळलेलं होतं. पाण्यासारखं नितळ, तळ दिसत होता.

दवाखान्याच्या तळघरातली ही टाकी सत्तावीस वर्षं चालली. दिवसा छतावर उन्हानं तापलेलं पाणी नळीतून फिरून मेण वितळवायचं. पहाटे त्याच नळीतून गार पाणी सोडलं की गोठत जाणाऱ्या मेणातली ऊब घेऊन ते रुग्णांच्या आंघोळीला पोचायचं. आता टाकी भंगारात निघाली होती. ती ज्यांनी आखली त्या निवृत्त इंजिनियर बाई आणि ज्यानं घडवली तो म्हातारा मिस्त्री, दोघांना शेवटचं बघायला बोलावलं होतं.

बाई वाकून नळीवरच्या, ऊब मेणात पसरवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या मोजू लागल्या. मधेच थांबल्या. चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"मिस्त्री, मी नकाशात चाळीस काढल्या होत्या. या चौसष्ट आहेत."

मिस्त्रीनं कान खाजवला. "मेण मुलखाचं आळशी, बाई. ऊब लवकर घेत नाही, लवकर सोडत नाही. चाळिसांत भागलं नसतं. तांब्याचे तुकडे उरले होते, लावून टाकले."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुमची पहिलीच टाकी. सगळे साहेब टपून बसलेले, बाई कधी चुकतात म्हणून. म्हटलं, झाकली मूठ."

"त्याच नकाशावरून मी दुसरीकडे तीन टाक्या बांधल्या," बाई म्हणाल्या. "एकही वेळेत तापली नाही. काम बंद पडलं. मला फायली तपासायला बसवलं. बावीस वर्षं मी मेणाला शिव्या देतेय, मिस्त्री."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "तीन टाक्या? मला कुणी कळवलंच नाही हो. मी आपला गावभर सांगत सुटलो होतो, बाईंची टाकी बघून या."

बाईंच्या ओठांवर कडक शब्द आला होता. पण त्यांना ती पहिली सकाळ आठवली. नळाला वाफाळतं पाणी आलं, तेव्हा याच माणसानं टोपीसकट डोकं नळाखाली धरलं होतं, आणि बाई कडेला बसून पोट धरून हसल्या होत्या. त्यानंतर कामावर असं हसू कधी आलं नाही.

"टोपी वाळली का हो तुमची?" त्यांनी विचारलं.

मिस्त्री आधी बघतच राहिला. मग खो खो हसला. हसता हसता त्यानं डोळे पुसले.

पट्ट्यांच्या कडेनं मेण पांढरं पडू लागलं होतं. "मॅडम, गोठायच्या आत उपसायला हवं," जिन्यावरून कामगार म्हणाला.

"थांब रे जरा," बाई म्हणाल्या.

दोघं टाकीच्या दोन बाजूंना बसली, पत्र्यावर तळवे टेकवून. मेण हळूहळू गोठत होतं आणि पत्रा अजून तेवढाच गरम होता.