दोन भोकांची पुंगळी

"ए डेल्बर्ट, हे काय मांडलंयस?"

वर्लाने कुंपणापलीकडूनच ओरडून विचारलं. डेल्बर्टच्या अंगणात घडीचं टेबल, आणि टेबलावर चक्क त्याचं प्रेस! काडतुसं भरायचं ते जुनं, हिरवं, लोखंडी प्रेस. गॅरेजमधल्या बाकाला आवळलेलं होतं इतकी वर्षं, ते उपटून बाहेर. शेरिडनहून आलेला एक दाढीवाला त्याचा दांडा खालीवर करून बघत होता.

"विकतोय," डेल्बर्ट म्हणाला. "हात गेले माझे. पिन टिकतच नाही. पोरगी ॲरिझोनाला ये म्हणतेय कधीची. जातो आता."

 वर्लाने कुंपणाचा खांब घट्ट धरला.

आता ही पिन म्हणजे काय, तर पोलादाची काडी. प्रेसचा दांडा ओढला की ती झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीत आत शिरते, बुडाच्या मधोमध असलेल्या भोकातून खाली जाते आणि बुडाशी बसवलेली, बार उडवणारी जळलेली टोपी बाहेर ढकलते. मग नवी टोपी, नवी बारूद, नवी गोळी. हरणाच्या मोसमाआधी आमच्याकडे घरोघरी हेच चालतं. पण परदेशी लष्कराच्या काही पुंगळ्या असतात ना, त्यांना मधे भोकच नसतं. बाजूला दोन बारकी असतात. बाहेरून बघून पटकन कळत नाही. पिन जाते ती सरळ भरीव पितळेवर. टक्! मोडली.

तर, गोळीबाराच्या मैदानावरून पुंगळ्या वेचायच्या, धुवायच्या, निवडायच्या, हे काम वर्लाच्या नवऱ्याचं, आर्लनचं. कॉफीच्या डब्यात भरून तो त्या डेल्बर्टला द्यायचा. आणि आर्लनच्या डब्यात कुणी डोकावायचं नाही हं! बॅटरी घेऊन आत बघितलंस तर त्याच्यावर विश्वास नाही असा अर्थ. दोन भोकांच्या सगळ्या तो स्वतःच्या गॅरेजमधल्या रंगाच्या बादलीत टाकायचा.

आर्लन वारला. वर्लाने काम चालू ठेवलं. म्हणजे दुसरं करणार काय? संध्याकाळी टीव्हीला उत्तरं देत बसायची ती. आणि एकदा तिच्या हातून एक दोन भोकांची निसटली. अगदी चुकून.

डेल्बर्ट आला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन. "पिन मोडली गं. आर्लनची एखादी आहे का?" दुकान तर पार शेरिडनला. तिने पिन दिली, कॉफी दिली. रुबार्बची आंबटगोड पेस्ट्री होती, तीही दिली. तो बसला. आर्लन एकदा हरणाऐवजी स्वतःच्याच ट्रकवर गोळी झाडून आला होता, ती गोष्ट त्याने पुन्हा सांगितली. ती इतकी हसली की नंतर घर जास्तच गप्प झालं.

मग काय झालं असेल? दुसऱ्या दिवशी वर्ला त्या बादलीपाशी गेली. तेव्हापासून दर डब्यात एक. खोल, मधेच कुठेतरी. पिन मोडायची, डेल्बर्ट यायचा. तिला वाटायचं, कुणाचं काय बिघडतंय? एक काडी तर मोडते.

आणि तो बिचारा स्वतःच्या हातांना दोष देत बसला होता!

दाढीवाल्याने पाकीट काढलं. "अहो, साच्यांसकट घेतो मी. गाडीत ठेवू?"

"थांबा!" वर्ला फाटकातून धावतच आत आली. चपला वेगवेगळ्या जोडांतल्या. "डेल्बर्ट, तुझे हात चांगले आहेत. पुंगळ्या खराब आहेत. मीच टाकते त्या."

दाढीवाला गारच पडला. आमच्याकडे कुणाच्या डब्यात मुद्दाम वाईट पुंगळी टाकणं म्हणजे... अहो, विहिरीत मेलेलं कुत्रं टाकल्यासारखं! आणि ते आर्लनच्या बायकोने, परक्या माणसासमोर कबूल करायचं! गावात आता आर्लनचं नाव मानाने कोण घेणार?

"मुद्दाम टाकते," ती म्हणाली. मान खाली, पण आवाज मोठा. "तू पिन मागायला येतोस ना, म्हणून. घर खायला उठतं रे मला. तू गेलास तर... जाऊ नकोस." तिने टेबलाखालचा, तिनेच दिलेला डबा ओढला, त्यात हात घालून चाचपडली, एक पुंगळी काढून त्याच्यापुढे धरली. "ही घे. बॅटरी आण आणि आत बघ. शिव्या दे हव्या तर."

डेल्बर्टने पुंगळी घेतली. बॅटरी काही आणली नाही. आत बघितलंसुद्धा नाही.

"ही नव्हे," तो म्हणाला. "दोन भोकांची या वेळी तळाशी टाकली होतीस. बाहेर काढून ठेवलीय मी."

"तू... डब्यात डोकावलास? आर्लनच्या?"

"पहिली पिन मोडली, त्याच दिवसापासून डोकावतोय."

"मग सगळं माहीत असून प्रेसमध्ये कशाला घालायचास रे मूर्खा? आणि हे विकायला कशाला काढलंस?"

"वर्षभर वाट बघतोय, पिनेचं निमित्त सोडून नुसतं 'ये' म्हणशील म्हणून. थकलो शेवटी."

"म्हणजे," दाढीवाल्याने हळूच विचारलं, "हात वगैरे काही गेलेले नाहीत?"

डेल्बर्टचे कान लाल झाले होते. तो वर्लाकडेच बघत होता.

"पहिली पिन तुझ्या चुकीने मोडली, वर्ला. बाकीच्या सगळ्या मी मुद्दाम मोडल्या."