दहाव्याचं शूटिंग

"बाबा, तुम्ही वर रिक्षात बसा जरा. फ्रेममध्ये येताय," सुदेश म्हणाला. "बोलावलं की या."

उत्तमराव निमूट घाटाच्या पायऱ्या चढून रिक्षात जाऊन बसले. बायकोचा दहावा, आणि अडचण म्हणे नवऱ्याचीच! पण राग यायलाही आत काहीतरी जागं असावं लागतं. गंगुबाई गेल्यापासून ते नुसते सांगतील तसं करत होते.

कल्याणच्या खाडीवर ऊन चढत होतं. खाली सुदेश कॅमेऱ्याचा स्टँड उभा करत होता. सून योगिनी पिंडाचं पान घेऊन उभी होती. भटजी पलीकडच्या कुटुंबाचं उरकायला गेले होते.

गंगुबाईंचं यूट्यूबवरचं स्वयंपाकाचं चॅनल म्हणजे साधी गोष्ट नव्हती हो. पूर्वी टीव्हीवर दिसायचं तर कुणाकुणाचे उंबरे झिजवावे लागत. ही बाई डोंबिवलीतल्या आपल्या ओट्यापाशी उभी राहून घरोघर पोचली. मंडईत बायका थांबवून सांगायच्या, "काकू, तुमच्या अळूवड्या जमल्या हो!" त्या जोरावर सुदेशने नोकरी सोडली. मग घरात कॅमेऱ्याला खंड म्हणून नाही. वरण गार झालं तरी चालेल, शॉट चुकता कामा नये.

शेवटच्या आजारात गंगुबाई म्हणाल्या होत्या, "अहो, एक दिवस ते डबडं बंद ठेवायला सांगा की. निवांत बोलू दोघं."

"पोराचं मन कशाला मोडतेस?" उत्तमराव म्हणाले होते. झालं. ते बोलणं राहिलं ते राहिलंच.

"बाबा, या आता!"

ते गुडघे सांभाळत खाली आले. पिंडाचं टोक ढासळलं होतं. सुदेशने बोटांनी दाबून ते नीट केलं. त्याच्या पायाशी एक काठी पडली होती. योगिनी खाडीकडे बघत होती.

सगळे मागे सरले. पिंपळावर कावळे होते की, पण एक खाली उतरेल तर शपथ.

"आई, तुझं चॅनल मी बंद पडू देणार नाही," सुदेश हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाला.

कावळे ढिम्म.

"तू पण बोल ना काहीतरी," त्याने बायकोला खुणावलं. योगिनीने नुसते हात जोडले.

शेवटी उत्तमराव पुढे झाले. "गंगू, चुकलो गं. एक दिवस मागितलास, तोही दिला नाही. आता राग सोड. पिंडाला शिव एकदाची." इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी डोळे पुसले.

कावळा काही आला नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजी परतले. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि म्हणाले, "चालतं हो, शास्त्रात सोय आहे."

"बाबा, तुमचं ते 'चुकलो गं' एकदम जेन्युइन आलंय," सुदेश स्टँड आवरत म्हणाला.

योगिनी हात धरून त्यांना वर घेऊन आली. रिक्षात बसता बसता उत्तमराव म्हणाले, "माझ्यावर रागावूनच गेली गं ती."

"नाही बाबा." योगिनीचा आवाज कोरडा होता. "पान ठेवलं रे ठेवलं, कावळा आला. चोचही मारली त्याने. तेव्हा कॅमेरा सुरू नव्हता, म्हणून सुदेशने काठीने हाकलला."